भर दुपारचा दिवा आणि वकीलसाहेबांचा मासा

ठाण्याच्या एका वकिलानं मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा मासा देताना, दुसऱ्यांदा तोच मासा नेताना. तिसरी गोष्ट त्यानं केली ती फसवणुकीत बसत नाही. ती जागेवर आली की सांगतो. यापुढे मी त्यांना वकीलसाहेबच म्हणणार आहे. मनात काय म्हणतो ते माझं मला.

लोक म्हणतात, बोटभर माशासाठी इतकी वर्षं काय धरून बसलात? असं म्हणणारे बहुतेक पगारदार असतात. महिन्याच्या महिन्याला हातात पडतं ते घ्यायचं, वरच्याला सलाम ठोकायचा आणि घरी येऊन वर्तमानपत्र वाचत देशाची काळजी करायची. ठरलेला माल आणि मिळालेला माल एकच आहे का, हे उलटून बघायची सवय त्यांना कुठून असणार? मला ती पोटासाठी लागली. कल्याणच्या बाजारात मी दुसऱ्याच्या दुकानात फुटक्या काचा झाडायला लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे त्याच बाजारात माझं स्वतःचं दुकान झालं, काचा, आरसे आणि तसबिरींच्या चौकटींचं. कुणाच्या ओळखीवर नाही, कुणाच्या हुंड्यावर नाही. स्वातंत्र्य आलं तसे देवांच्या जोडीला पुढारीही भिंतीवर चढले आणि त्यांनाही चौकट लागायला लागली. देव निदान उभ्यानं किंवा बसून एका मापात येतात. पुढाऱ्यांच्या फोटोंना दर वेळी नवं माप. शिवाय जवळच निर्वासितांचा कॅम्प वसला. तिथल्या सिंधी बाया एका हातआरशासाठी अर्धा दिवस भाव करायच्या. त्यांच्याशी भाव करून जो टिकला त्याला जगात कुणी फसवू शकत नाही असं मी समजत होतो. पण त्या अंगठाछाप बाया शब्द द्यायच्या आणि पाळायच्या. वकीलसाहेब बी.ए. एलएल.बी. होते.

आता मासा माझ्या घरात का आला ते.

माझ्या बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर खाली झालं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला उठवायचं नाही. पलंगाच्या पायथ्याला विटा लावा, पाय वर राहू देत. बाळंत होईपर्यंत ही जागची हलली तर मला बोलवायला येऊ नका." मी विटा लावल्या. माझं घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग, खिडकी गल्लीवर. वारा पाहिजे म्हणून ती उघडी ठेवायची, हाही डॉक्टरीणबाईंचाच हुकूम. घरकामाला बायकोची मावशी बदलापूरहून येऊन राहिली. तोंडानं फटकळ, हातानं सरळ बाई.

पण बायको पडून राहीना. लहानपणापासून राबलेलं माणूस. एकदा मी दुकानातून पाण्यासाठी आत आलो तर ही हातात केरसुणी घेऊन पलंगाखाली वाकलेली.

"अगं, काय चाललंय?" मी ओरडलो.

"ओरडू नका. एवढा एकच कोपरा राहिलाय."

"कोपऱ्याला आग लाव! आडवी हो आधी."

ती आडवी झाली आणि वर बघत म्हणाली, "कौलं पाठ झाली हो माझी. कुठलं फुटकं, कुठलं सरकलेलं, सगळं सांगेन. आता काय पाठ करू?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "तळ्याची पायरी असती तर बरं होतं."

तिचं माहेर ठाण्याचं, तळ्याजवळ. पोरवयात पायरीवर बसून ती तासन्‌तास पाण्यातले मासे बघायची आणि त्यापायी मार खायची. माझ्या डोक्यात बसलं: हिला बघायला मासा पाहिजे. डोळा गुंतला की अंग स्वस्थ राहील. अंग स्वस्थ राहिलं तर पोर राहील. एवढा साधा हिशेब होता. त्या माशावर माझ्या घरातलं पहिलं मूल टांगलेलं होतं. शौक वगैरे काही नाही. शौक वकीलसाहेबांना होता.

त्या सुमाराला ठाण्यातल्या बड्या मंडळींना मासे पाळायचं वेड लागलं होतं. कुत्रा पाळला तर शेजारी तक्रार करतात, पोपट पाळला तर तो घरातलं बाहेर बोलतो. मासा बरा. बोलत नाही, आणि दिवाणखान्यात ठेवला की आलेला अशील दबतो. वकीलसाहेब माझ्या दुकानात आले ते मोठ्या काचेच्या पेटीसाठी. लोखंडी पट्टीचा सांगाडा, त्यात जाड काच, कडेला लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा लगदा, भरून पाणी न गळणारी. ठाणे-कल्याणात ते काम माझ्यासारखं कुणी करत नव्हतं. हे मी म्हणत नाही, त्यांनीच म्हटलं.

"पेटी करून देतो," मी म्हटलं, "पण पैशात नको. माशात द्या."

ते हसले. "तुम्ही मासे पाळणार, शेटजी?"

"घरात माणूस झोपून आहे. त्याला बघायला पाहिजे. दिवसभर बघता येईल असा मासा द्या. दिवसभर, बरं का."

"असा देतो की नजर हटणार नाही."

आज ते बोलणं उलटून बघितलं की दिसतं. 'दिवसभर' या शब्दाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. शेजारून गेले. यासाठी शिकावं लागतं म्हणतात.

मासा बघायला त्यांनी मला ठाण्याला घरी बोलावलं. "दिवेलागणीला या. कोर्टातून मी तेव्हाच मोकळा होतो." आमच्या धंद्यात एक नियम आहे, काच दिव्याच्या उजेडात विकत घेऊ नये. दिव्याखाली प्रत्येक काच निर्मळ. तीच सकाळी उन्हात धरली की तिच्यातले बुडबुडे, लाटा, सगळं वर येतं. हा नियम मला ठाऊक, तरी दिवेलागणीला बोलावल्यावर मी गेलो. काचेचा नियम माशाला लावायचा हे कुठल्या माणसाला सुचेल? मी गेलो तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात मंद दिवा होता आणि मासा पेटीभर फिरत होता. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, तोंडाला लांब मिशा, डावी मिशी मधेच वाकलेली. वाळूत तोंड घालायचा, वर यायचा, काचेला मिशी लावून माझ्याकडे बघायचा. कुठल्याशा बोटीनं परदेशातून आला म्हणाले. बोटीनं येवो नाहीतर बैलगाडीनं, मला तो आवडला. झाकणाच्या कळशीत घालून मी तो कल्याणला आणला.

पलंगाजवळच्या स्टुलावर मी आधीच एक पेटी तयार करून ठेवली होती. वाळू, दगड, पाणी, सगळं. आणि पाठीमागे चांगल्यातला आरसा लावला होता. एका माशाचे दोन दिसावेत, बायकोला जास्त बघायला मिळावं. दुकानात छोट्या मालामागे आरसा लावला की माल भरलेला दिसतो, ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट.

सकाळी पेटीत मासा नाही. दगड, वाळू आणि आरशात दुसरे दगड, दुसरी वाळू.

"उडी मारून गेला असेल," मावशी म्हणाली. "मांजरीची चंगळ."

मी दगड उचलला तर खाली बसलेला. दुसऱ्या दगडाखाली गेला. दुसरा उचलला तर तिसऱ्याखाली. दिवसभर हाच खेळ. अंधार पडल्यावर स्वारी बाहेर, म्हणजे बायकोचे डोळे मिटायच्या वेळी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"जावईबापू," मावशी म्हणाली, "बाजारात कोळणीकडे यापेक्षा मोठे मिळतात. ते पण हलत नाहीत, पण निदान रस्सा होतो."

मी ठाण्याला गेलो. वकीलसाहेब रविवारचा चहा घेत होते. मला चहा विचारला नाही.

"अहो, तो निशाचर आहे," ते म्हणाले. "दिवसा दडतो, रात्री फिरतो. स्वभावच आहे त्याचा."

"हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी 'दिवसभर' म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. पण मी हो म्हटलं होतं का? आठवून बघा." मग कपाची कड पुसत म्हणाले, "सौदा झाला ना शेटजी? बाजाराचा नियम तुमचाच. घेतला माल परत नाही."

माझी पेटी त्यांच्या दिवाणखान्यात पाण्यानं काठोकाठ भरलेली, आत मासे फिरतायत. भरली पेटी उचलता येत नाही. तेवढं मोजूनच ते बोलत होते. दुसरा मासा मागितला तर म्हणाले, बाकीचे जोडीचे आहेत, जोडी फोडणार नाही. ज्या माणसानं अर्ध्या ठाण्यातले भाऊ-भाऊ कोर्टात नेऊन फोडले त्याला माशांच्या जोडीची दया आली.

घरी येऊन मी पेटीतले सगळे दगड काढून फेकले. लपतो कुठे बघू! तर तो कोपऱ्यात काचेला चिकटून पडला. रंग उडाला, पट्टे पुसल्यासारखे झाले, कल्ले लगालगा हलायला लागले. बायकोनं पलंगावरूनच सांगितलं, "दगड परत घाला."

"मग तो दिसणार कसा?"

"असा दिसण्यापेक्षा न दिसलेला बरा. घाला म्हणते ना. आणि तो आरसा काढा मागचा. त्याला वाटतंय समोर दुसरा कुणी बसलाय टपून."

तिथून पुढे कारभार तिनं हातात घेतला. पडल्या पडल्या. मी नुसता हमाल. आरसा काढून मागच्या अंगाला साखरेच्या पुड्याचा जाड निळा कागद लावायला लावला. घरावरचं एक नळीचं कौल, अर्धगोल असतं ते, उतरवून वाळूत पालथं घालायला लावलं, तोंड पलंगाकडे करून. तळ्यातलं तरंगतं शेवाळ आणून वर पसरलं, म्हणजे पेटीत दुपारीही सावली. आणि तळ्यातलेच चार बावळट मासे आणायला सांगितले, चांदीच्या टिकलीएवढे.

"ते कशाला?" मी विचारलं.

"ते घाबरत नाहीत. ते उघड्यावर फिरताना दिसले की याला वाटेल, बाहेर वाघ नाही."

मला हसू आलं. पण खरं सांगतो, बाजारातसुद्धा हेच चालतं. नव्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक चढायला घाबरतं, म्हणून आपलेच दोन मित्र आत उभे करायचे. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता दिव्याचं. दिवेलागणीला मावशी देवापुढचं निरांजन लावायची आणि ते उचलून पेटीच्या लोखंडी कडेवर ठेवायची, बायकोला दिसावं म्हणून. ठेवताना टण् वाजायचं. बायको त्याच वेळी गांडुळाचे तुकडे चिमट्यानं कौलाच्या तोंडाशी सोडायची. थोड्याच दिवसांत असं झालं की टण् वाजलं की मिशा बाहेर. मग तिनं मावशीला सांगितलं, उद्यापासून निरांजन जरा आधी लाव. मग आणखी आधी. ऊन खिडकीत असताना. मग ऊन गल्लीत असताना.

मावशी म्हणाली, "अगं, दिवसाढवळ्या दिवा लावायचा? आवाजच पाहिजे ना त्याला? नुसतं ठेवते, पेटवत नाही."

पण दोन पावलं गेली आणि स्वतःच थांबली. पोटुशीसमोर विझलेलं निरांजन मांडायचं? तिच्या जिभेनं कितीही फटकळपणा केला तरी हाताला ते जमेना. "नको ग बाई. पेटवलेलं बरं," म्हणाली आणि काडी ओढली.

अशा रीतीनं माझ्या घरात, गल्लीवरच्या उघड्या खिडकीत, भर दुपारी दिवा लागायला लागला.

याचा अर्थ बाजारात काय होतो हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. जुन्या काळी व्यापारी बुडाला की दुकानात भर दिवसा दिवा लावून बसायचा. तोंडानं सांगायची लाज, म्हणून दिवा. गल्लीतून जाणाऱ्यानं तो बघायचा आणि समजायचं की याचं दिवाळं निघालं. ती चाल गेली, पण बाजार विसरत नाही. समोरच्या कापडवाल्यानं एक दिवस माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "शेट, सगळं बरंय ना?" गेल्या दिवाळीत ज्यानं मला साधी करंजी पाठवली नव्हती तो. दुसऱ्या एकानं रस्त्यात ओळख दाखवायची टाळली. मुंबईहून काच पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस येऊन दुकानात बसला, म्हणे सहज इकडे आलो होतो. मुंबईहून कल्याणला सहज कोण येतं?

मी खिडकी लावून घेऊ शकत नव्हतो, दिवा बंद करू शकत नव्हतो, आणि कारण सांगू शकत नव्हतो. काय सांगायचं चार माणसांत? बायको विटांवर पाय ठेवून पडलीय, आणि तिला महिना कितवा चाललाय, आणि मासा लाजतो? मी घरात एक अक्षर बोललो नाही. दुकानावर मात्र त्या दिवसांत जो जो भाव करायला आला त्याला मी असा सोलला की गिऱ्हाईकं जाताना पायऱ्या चुकायची.

आणि एक दिवस, जेवणं होऊन मी दुकानात जायला निघालो तेव्हा बायको हळूच म्हणाली, "जाऊ नका. बोलू पण नका."

टण् अजून वाजायचं होतं. मावशी मागे भांडी घासत होती. कौलाच्या तोंडातून दोन मिशा आल्या, एक सरळ, एक वाकडी. मग मालक स्वतः आले. त्या चार टिकल्यांमधून एक फेरी मारली, वाळू हुंगली आणि काचेपाशी येऊन बायकोच्या तोंडासमोर उभे राहिले. ती हसली ते आवाज न करता, तोंडावर पदर धरून, सगळा पलंग हलला. मी चपला हातात घेऊन अनवाणी बाहेर पडलो. भर बाजारात अनवाणी. कापडवाल्याला आणखी एक पुरावा.

त्यानंतर केरसुणी तिच्या हातात दिसली नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ मासा बाहेर आणि ती एका कुशीवर शांत. महिने भरत होते, पोट दिसत होतं. डॉक्टरीणबाई बघून म्हणाल्या, "अस्संच चालू द्या." मी वकीलसाहेबांना मनातल्या मनात जवळजवळ माफ केलं होतं. इथं धंद्याचा आणखी एक नियम कामाला आला असता: फसवणारा दुसऱ्यांदा दुकानात आला की आधी गल्ल्याला कुलूप.

ते आले एका काचेच्या निमित्तानं आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं ते खरं का? मासा दिवसा बाहेर येतो?" मी आत नेलं. मावशीनं बायकोच्या अंगावर शाल नीट केली. वकीलसाहेब त्या स्टुलावर, पेटीच्या बाजूला बसले. दुपारची वेळ. त्यांच्या डोळ्यांसमोर मावशीनं निरांजन लावलं, कडेवर ठेवलं, आणि मासा आला. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. एवढी पुस्तकं चाळून, एवढ्या पेट्या मांडून त्यांना जे जमलं नव्हतं ते एका झोपलेल्या बाईनं करून ठेवलं होतं.

"हे कसं केलंत, वहिनी?"

तिनं सगळं सांगितलं. कौल, शेवाळ, टिकल्या, दिवा. दिवा पेटवलेलाच का लागतो तेही. ते मान हलवत होते. मग काढलं: ठाण्याला माशांचं प्रदर्शन भरतंय, मोठमोठी माणसं येतायत, परीक्षक येतायत. चार दिवस मासा द्या.

"नाही," ती म्हणाली.

"तुमच्या नावाची पाटी लावतो. निशाचर मासा दिवसा बाहेर आणला, कुणी, तर यांनी. तुमचं नाव, पहिलं, वरती, मोठ्या अक्षरात."

तिचं नाव आजवर कशावर लागलं होतं? लग्नपत्रिकेवर, तेही माहेरचं. भांड्यांवर माझं, दुकानावर माझं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"कौल बरोबर न्याल?" तिनं विचारलं.

"नेतो वहिनी."

"शेवाळ? आणि ते चार?"

"सगळं."

"दिवा पेटवलेला ठेवाल? उगाच उजेडात ठेवू नका त्याला."

"हो वहिनी. हो वहिनी." या वेळी ते कुठल्याच शब्दाच्या शेजारून गेले नाहीत. प्रत्येक शब्दावर हो म्हणाले. म्हणून मी दिला.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेलो, पाटी बघायला. बायकोला येऊन सांगायची होती, अक्षरं केवढी, रंग कुठला. दिवाणखान्यासारखा सजवलेला मोठा हॉल, बूट घातलेली मंडळी. मधोमध उंच टेबलावर माझ्या माशाची पेटी. आत कौल नाही, शेवाळ नाही, वाळू नाही, एक टिकली नाही. नुसतं पाणी आणि वर लटकवलेला मोठा विजेचा दिवा, लोकांना नीट दिसावा म्हणून. मासा कोपऱ्यात पडलेला, पट्टे पुसलेले, कल्ले लगालगा. समोर पाटी. पाटीवर वकीलसाहेबांचं नाव, मोठ्या अक्षरात. तो शब्द तेवढा पाळला होता.

"कसा दिवसा बाहेर आलाय बघा," एक कोटवाले दुसऱ्याला म्हणाले. बाहेर! आत जायला जागा ठेवली असती तर बाहेर म्हणायचं.

मी ओरडलो. माझा आवाज बाजारातला आहे, हॉलमधला नाही. "दिवा काढा आधी! माझा मासा मला आत्ता द्या!" सगळे वळून बघायला लागले. वकीलसाहेब आले, माझ्या दंडाला धरलं, आणि मला नव्हे, लोकांना म्हणाले, अगदी हळू, दया आल्यासारखं:

"मनावर घेऊ नका. कल्याणचे आहेत. यांच्याकडे हल्ली भर दुपारी दिवा लागतो. बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस बुडाला की मिळेल ते स्वतःचं म्हणतो."

हीच ती तिसरी गोष्ट. हॉलमधल्या बुटांना अर्थ बरोबर कळला. दोघं-तिघं हसले, एकानं माझ्या धोतराकडे बघितलं. आणि मी, ज्यानं अर्धं आयुष्य लोकांची तोंडं बंद केली, तिथं उभा राहिलो. उत्तर एकच होतं. दिवा कशासाठी लागतो ते सांगायचं. म्हणजे माझी बायको, तिचं पोट, तिचे विटांवरचे पाय, हे सगळं त्या बुटांपुढे मांडायचं. ते मी मांडलं नाही. मासा न्यायला हातात साधी कळशीही नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "प्रदर्शन संपलं की पाठवतो," आणि मला दारापर्यंत पोचवलं.

मासा आला. गड्यानं कळशी आणून दिली, वर चिठ्ठी नाही, निरोप नाही, कौल नाही. बायकोनं पेटीत सोडायला लावला. दुसरं कौल घातलं होतं. दुपारी मावशीनं निरांजन ठेवलं. टण्. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही.

"दमला असेल प्रवासानं," मी म्हटलं.

तिनं मला कंदील मागितला आणि कौलाच्या तोंडाशी धरायला लावला. आत मिशा होत्या. दोन्ही सरळ.

"हा तो नाही," ती म्हणाली आणि उठून बसली. पाय खाली टाकले. मावशीच्या हातातलं तबक पडलं.

"पोरी, आडवी हो! तुझ्या पाया पडते!"

"तो कुठाय? मला सांगा तो कुठाय, मग मी पडते."

मी सांगितलं, आत्ता जातो, आणतो. तेव्हा ती आडवी झाली. मी त्याच पावली ठाण्याला गेलो. वकीलसाहेबांच्या मागच्या अंगणात, नळाखाली, पाणी उडू नये म्हणून एक नळीचं कौल पालथं घातलं होतं. माझ्या घरावरचं. मी ते ओळखलं.

"मासे सगळे सारखेच दिसतात, शेटजी," वकीलसाहेब म्हणाले. "तोच आहे. वहिनींची तब्येत नाजूक, मनाचे खेळ असतात या दिवसांत."

घरी येऊन मी रिकामे हात दाखवले. ती भिंतीकडे तोंड करून निजली. बाळंत होईपर्यंत पेटीकडे वळली नाही. पण हललीही नाही. जितके दिवस राहिले होते तितके दिवस त्या गेलेल्या माशाच्या पुण्याईवर, भिंतीकडे बघत काढले. मुलगी झाली, वेळेवर, खणखणीत रडणारी. तो नवा मासा आमच्याकडेच राहिला. त्याचा काय दोष? मावशी त्याला दिवेलागणीला खायला घालायची, त्याच्या रीतीप्रमाणे. दुपारचा दिवा बंद झाला आणि कापडवाल्यानं जाहीर केलं की माझे दिवस सुधारले.

बारशाला वकीलसाहेबांनी चांदीचा चमचा पाठवला. मी परत केला. मग एकदा स्टेशनवर गाठ पडली तर म्हणाले, "झालं ना सगळं नीट? मुलगी छान आहे म्हणे. मग आता कशाला धरून बसता?" म्हणजे आमचं मूल जगलं, तर त्यांचं देणं फिटलं. आणि नसतं जगलं, तर मनाचे खेळ.

आता ते म्हातारे झालेत. त्या हॉलच्या मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवलाय, भिंतीवर फोटो लागणार आहे. चौकटीचं काम, कुणी सुचवलं देव जाणे, माझ्याकडे आलंय. फोटो दुकानात आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलाय. मंडळी रोज माणूस पाठवतात. मी सांगतो, काच तयार आहे, लाकूड तयार आहे, एका गोष्टीसाठी थांबलोय.

वकीलसाहेब, त्या स्टुलावर तुम्ही बसला होतात. दिवा तुमच्या समोर लागला. तो का लागतो हे त्या बाईनं तुम्हाला तिच्या तोंडानं सांगितलं, आणि तुम्ही हो वहिनी म्हणालात. तेच उचलून तुम्ही हॉलभर माणसांपुढे माझं दिवाळं म्हणून वाजवलंत. आणि तो मासा, वाकड्या मिशीचा, त्या विजेच्या दिव्याखाली कधी मेला, कुठे टाकलात, हे आजवर तुमच्या तोंडून निघालं नाही. माझी बायको अजून विचारते. या वेळी मी प्रश्न नीट विचारलाय, विचारला नव्हता असं म्हणायची सोय ठेवलेली नाही. दुकान उन्हात आहे, दिवसाढवळ्या उघडं आहे. या आणि उत्तर द्या.